उपकंपनीचा प्रमुख परदेशातून आणावा की इथलाच नेमावा? गोव्यातील कंपन्यांसाठी निवडीची रीत

वेर्णा, कुंडई, पिळर्ण किंवा तुये येथील औद्योगिक वसाहतीत परदेशी मालकीचा एखादा कारखाना असतो आणि त्याचा प्रमुख निवृत्त होणार असतो, किंवा त्याची बदली झालेली असते. मग मुख्यालयाकडून विचारणा येते: नवा प्रमुख आम्ही पाठवावा, की तुमच्यातलाच कोणी तयार आहे? या विचारणेला जाणारे उत्तर बहुधा दोन ओळींचे असते. परदेशी माणूस महाग पडतो म्हणून इथलाच द्यावा, किंवा इथल्या माणसाला समूहाच्या पद्धती ठाऊक नाहीत म्हणून तुमचाच पाठवावा. दोन्ही विधाने खरी असू शकतात, पण त्यांतून निर्णय निघत नाही, कारण ती माणसाविषयी बोलतात आणि पदाविषयी गप्प राहतात. पुढील विवेचन ही शिफारस ज्याला लिहावी लागते त्याच्यासाठी आहे. मग तो मनुष्यबळ विभागाचा प्रमुख असो, वित्त विभागाचा असो, किंवा कंपनीचा इथला संचालक असो.

आधी पदाची फोड

उमेदवारांची नावे पुढे येण्यापूर्वी पदाची फोड करून घ्यावी. एकदा नावे आली की चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते आणि जो सोयीचा वाटतो त्याच्या मापाने पद बेतले जाते. ही फोड करताना नोकरीच्या जाहिरातीतील ठरावीक वाक्ये उपयोगी पडत नाहीत. येत्या तीन वर्षांत या खुर्चीतल्या माणसाला प्रत्यक्ष कोणती कामे पार पाडावी लागणार आहेत, त्यांची यादी लागते.

समजा, युरोपातील एका कंपनीचा वेर्ण्यात वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे आणि तेथे सुमारे तीनशे माणसे काम करतात. पुढच्या तीन वर्षांतली ठळक कामे अशी आहेत: मूळ कारखान्यातून येणारी नवी उत्पादन लाइन उभी करून चालू करणे, युरोपीय ग्राहकांच्या गुणवत्ता तपासण्यांना सामोरे जाणे, दरमहा मुख्यालयाला हिशेब देणे व भांडवली खर्चाची मंजुरी मिळवणे, पुढच्या वर्षी मुदत संपणारा वेतनकरार युनियनशी बोलणी करून नव्याने करणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील कन्सेंटचे (परवानगीचे) नूतनीकरण व पंचायतीशी असलेले व्यवहार सांभाळणे, आणि दुसऱ्या फळीतील तीन-चार अधिकारी तयार करणे. प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखावेत. हे काम करण्याचे ज्ञान आज कोणाकडे आहे, काम बिघडले तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल, आणि या कामाची गरज किती काळ राहील, हे त्यांत भरावे.

असा कागद भरला की चित्र बदलू लागते. नव्या लाइनचे ज्ञान मूळ कारखान्यातील दोन-तीन अभियंत्यांकडे आहे खरे, पण ते साधारण दीड वर्षापुरते लागणार आहे. वेतनकराराचे ज्ञान पूर्णपणे इथले आहे, आणि तो बिघडला तर मुख्यालयाला कळेपर्यंत गेटवर सभा सुरू झालेल्या असतात. गुणवत्ता तपासणीचे काम इथला माणूस शिकलेला आहे किंवा शिकू शकतो. भांडवली खर्चाच्या मंजुरीसाठी मात्र मुख्यालयात कोणाला कधी फोन करावा हे माहीत असावे लागते, आणि ही ओळख वर्षानुवर्षांची असते. दुसरी फळी घडवण्याचे काम सर्वांत लांब पल्ल्याचे आहे. म्हणजे या उदाहरणात कारखान्याचा प्रमुख इथला असावा आणि नव्या लाइनसाठी एक अभियंता दीड वर्षाच्या ठरावीक मुदतीने यावा, असा कल दिसतो. अशा वेळी ‘परदेशी की स्थानिक’ हा प्रश्न आधी वाटला होता तेवढा मोठा राहत नाही.

तीन रकान्यांतला शेवटचा रकाना भरण्याचा लोक कंटाळा करतात, आणि माझ्या मते निर्णयावर सर्वांत जास्त परिणाम त्याचाच व्हायला हवा. दीड वर्षाच्या गरजेसाठी चार-पाच वर्षांची खुर्ची भरली जाते आणि उरलेला काळ तो माणूस आपली उपयुक्तता सिद्ध करण्यात घालवतो, हे अनेक उपकंपन्यांत घडते.

मुख्यालयाचा हेतू लेखी मागावा

एडस्ट्रॉम आणि गॅलब्रेथ या अभ्यासकांनी १९७७ मध्ये परदेशी नेमणुकांमागचे तीन हेतू वेगळे करून दाखवले होते: इथे नसलेले कौशल्य पुरवणे, त्या माणसाला आंतरराष्ट्रीय अनुभव देऊन पुढच्या पदासाठी तयार करणे, आणि समूहाचे समन्वय व नियंत्रण टिकवणे. पुढील संशोधनाने त्यात बरीच भर घातली, तरी व्यवहारात ही विभागणी आजही पुरते. मुख्यालय जेव्हा आपला माणूस पाठवू इच्छिते तेव्हा या तिघांपैकी कोणता हेतू मुख्य आहे, हे नम्रपणे पण लेखी विचारावे.

कौशल्य हा हेतू असेल तर पदाची फोड पुढे करून बोलता येते. त्या माणसाला अनुभव देणे हा हेतू असेल तर त्यात गैर काही नाही, पण मग त्याचा खर्च गोव्याच्या कारखान्याच्या माथी का, हा प्रश्न रास्त ठरतो. समूहाच्या गुंतवणुकीचा तो खर्च मुख्यालयाने आपल्या अंदाजपत्रकात घ्यावा, असे सुचवता येते. नियंत्रण हा हेतू असेल तर तो सहसा कोणी उघड बोलून दाखवत नाही. नुकताच कारखाना विकत घेतला असेल, भागीदाराशी पटत नसेल किंवा मागे आर्थिक गैरप्रकार झाला असेल, तर नियंत्रणाची गरज खरी असते आणि ती मान्य करावी. मात्र नियंत्रणासाठी कारखान्याचा प्रमुखच परदेशी असायला हवा असे नाही. अनेकदा वित्तप्रमुख मुख्यालयाकडून घेणे, खर्चाच्या मंजुरीच्या मर्यादा आखून देणे आणि अंतर्गत लेखापरीक्षण थेट मुख्यालयाच्या अखत्यारीत ठेवणे यांनी तेच साधते, आणि कारखान्याचे रोजचे नेतृत्व इथल्या माणसाकडे राहू शकते.

अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी पाठवलेल्या व्यवस्थापकांना अस्वल, भुंगा आणि कोळी अशी नावे दिली आहेत: दबाव ठेवणारा, एका ठिकाणचे दुसरीकडे नेऊन रुजवणारा, आणि माणसांचे जाळे विणणारा. मुख्यालयाने अस्वल पाठवायचे आणि कागदावर भुंगा लिहायचा, असे होऊ नये एवढ्यासाठी हा लेखी खुलासा हवा.

‘स्थानिक’ म्हणजे नेमका कोण?

पाठ्यपुस्तकांत दोन किंवा तीन प्रकार असतात: मूळ देशाचा, यजमान देशाचा आणि तिसऱ्या देशाचा. गोव्यात हे पुरत नाही. झुरिक किंवा ओसाकातील मुख्यालयाच्या दृष्टीने पुण्याचा अभियंता ‘स्थानिक’ असतो. वेर्ण्यातील शॉप फ्लोअरच्या दृष्टीने तो बाहेरचाच असतो, फक्त परदेशी पाहुण्याला मिळणारी सूट त्याला मिळत नाही. परदेशी साहेबाला चवथीचे (गणेशचतुर्थीचे) महत्त्व समजले नाही तर लोक हसून समजावतात. मुंबईहून आलेल्याला ते समजले नाही तर तो मुद्दाम करतो असे धरले जाते. म्हणून शिफारसपत्रात ‘स्थानिक’ हा शब्द एकटा वापरू नये. भारतीय उमेदवार आणि गोव्याच्या समाजात मुरलेला उमेदवार हे दोन वेगळे पर्याय म्हणून मांडावेत.

हा फरक किती व्यवहारी आहे ते चतुर्थीच्या आठवड्यात दिसते. मुख्यालयाकडून आलेल्या डिस्पॅचच्या वेळापत्रकात ऑगस्टच्या शेवटचा किंवा सप्टेंबरमधला तो आठवडा इतर आठवड्यांसारखाच धरलेला असतो. प्रत्यक्षात कारखान्यातला गोमंतकीय हिंदू कामगार त्या दिवसांत मूळ घरी असतो. दीड दिवसाचा गणपती असो वा पाच दिवसांचा, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधण्यापासून विसर्जनापर्यंत तो येणार नाही, आणि सिंधुदुर्गातून येणारा तर गावी गेलेला असतो. मुरलेला व्यवस्थापक आधीच्या तीन-चार आठवड्यांत साठा वाढवून ठेवतो आणि चतुर्थीच्या पाळ्या ख्रिस्ती व परप्रांतीय कामगारांवर उभ्या करतो. त्याची परतफेड ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाला) आणि नाताळच्या आठवड्यात होते. तेव्हा हिंदू कामगार पाळ्या ओढतात. ही देवाणघेवाण कोणत्याही नियमपुस्तिकेत नसते. सुपरवायझर आणि युनियनचे दोन-तीन जुने लोक यांच्या शब्दावर ती चालते, आणि नव्या प्रमुखाने पहिल्याच वर्षी ‘सर्वांना समान रजा’ असे परिपत्रक काढले तर ती मोडते. एकदा मोडली की गैरहजेरीचा आकडा मुख्यालयाला समजावणे कठीण जाते.

तथापि गोमंतकीय उमेदवाराच्या बाजूने हे एवढेच लिहिले तर शिफारस एकांगी ठरेल. त्याची मुळे जितकी खोल, तितके त्याच्यावरचे दडपणही जास्त. नोकरभरतीच्या वेळी गावातून, नात्यातून आणि आमदाराच्या कार्यालयातून येणारे फोन त्यालाच येतात. कंत्राटदार त्याच्या शाळेतला असतो. ग्रामसभेत कारखान्याच्या सांडपाण्याचा विषय निघाला तर उत्तर देणाऱ्याच्या आईवडिलांना तिथेच राहायचे असते. बाहेरच्या माणसाला जे ‘नाही’ सहज म्हणता येते, त्याची किंमत याला घरी चुकवावी लागते. काही कारखान्यांत भरती आणि खरेदी या दोन विषयांत अंतिम सही बाहेरच्या अधिकाऱ्याची ठेवतात, ती याच कारणाने; गोमंतकीय प्रमुखाला त्यात अपमान वाटू न देता हे त्याच्याच संरक्षणासाठी आहे, असे आधी बोलून घ्यावे.

आणखी एक पर्याय गोव्यातच संभवतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येते, आणि अनेक गोमंतकीयांनी ते घेऊन पोर्तुगाल व इंग्लंड गाठले आहे. अशा कुटुंबातील एखादा अभियंता परत येऊ इच्छित असेल तर कागदोपत्री तो परदेशी असतो, पण ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड असल्यास त्याला खाजगी नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा लागत नाही. तो कोकणी बोलतो, मराठी वाचतो आणि युरोपीय कारखान्यांतली शिस्त त्याने आतून पाहिलेली असते. त्याची पगाराची अपेक्षा मात्र पाठवलेल्या परदेशी माणसाच्या खाली आणि इथल्या बाजारभावाच्या वर असते. ती आधीच विचारून घ्यावी.

(सत्ता दुरून पाठवलेल्याच्या हाती असावी की इथल्याच्या, हा वाद गोव्याला नवा नाही. लिस्बनहून येणाऱ्या गव्हर्नरांच्या लांबलचक मालिकेत १८३५ मध्ये बेर्नार्द पेरेश द सिल्वा हा एक गोमंतकीय प्रीफेक्ट (गव्हर्नरच्या जागचा प्रमुख) म्हणून सत्तेवर आला, आणि त्याची कारकीर्द एक महिनाही टिकू दिली गेली नाही. नेमणूक वरून झाली, पण खालच्या सत्ताकेंद्रांनी ती मानली नाही. इथला प्रमुख नेमताना त्याच्या बरोबरीचे अधिकारी आणि मुख्यालयातील मधली फळी त्याला मानणार आहे का, हे पाहणे त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.)

खर्चाचा हिशेब पूर्ण मांडावा

परदेशी माणूस महाग पडतो हे सर्वांना माहीत असते, पण किती महाग, हे शिफारसपत्रात क्वचितच लिहिलेले असते. पाठवलेल्या माणसाला बहुधा हातात पडणारी रक्कम कबूल केलेली असते आणि भारतातला आयकर कंपनी भरते. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी एक कोटी रुपयांच्या पगारावर अधिभार व उपकर धरून सुमारे २९ लाख रुपये कर बसतो. म्हणजे हाती ७० लाख द्यायचे असतील तर कंपनीला साधारण एक कोटी मोजावे लागतात. त्यावर भाड्याचे घर, गाडी व चालक, मुलांच्या शाळेची फी, वर्षाची मायदेशी जाण्यायेण्याची तिकिटे, वैद्यकीय विमा आणि काही समूहांत ‘हार्डशिप’ भत्ता येतो. यांपैकी बऱ्याच गोष्टी पुन्हा करपात्र असल्याने त्यांचाही कर चढतो. सामान आणण्या-नेण्याचा आणि शेवटी परत पाठवण्याचा खर्च पहिल्या वर्षीच्या हिशेबात दिसत नाही; तो तीन वर्षांवर वाटून लिहावा.

भविष्य निर्वाह निधीचा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ऑक्टोबर २००८ पासून ‘आंतरराष्ट्रीय कामगारा’ला १५,००० रुपयांची वेतनमर्यादा लागू नाही, म्हणजे वर्गणी पूर्ण पगारावर बसते. जर्मनी, फ्रान्स, जपान यांसारख्या ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, तेथून येणारा कर्मचारी आपल्या देशाचे कव्हरेज प्रमाणपत्र आणून यातून सुटू शकतो. अमेरिकेशी असा करार नाही. या तरतुदीवरून न्यायालयात वाद झालेले आहेत, म्हणून सल्लागाराचे ताजे लेखी मत फाइलला लावावे.

माणूस ‘सेकंडमेंट’वर येणार असेल, म्हणजे मूळ कंपनीचा नोकर राहून इथे काम करणार असेल आणि त्याचा पगार तिकडून निघून इथे वसूल केला जाणार असेल, तर करारनामा अधिक काळजीने पाहावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स प्रकरणात अशी व्यवस्था म्हणजे परदेशी कंपनीने दिलेली मनुष्यबळ पुरवठ्याची सेवा आहे असे धरले. प्रकरण सेवाकराचे होते, पण त्याची छाया जीएसटीवर पडली. दुसरीकडे, पाठवलेल्या माणसांमुळे मूळ कंपनीचे भारतात कायमस्वरूपी आस्थापन आहे असे ठरून तिच्या नफ्यावर इथे कर लागू शकतो. असा धोका असतो याची जाणीव सेंट्रिका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच करून दिली होती. हे वित्त विभागाचे काम आहे म्हणून मनुष्यबळ विभागाने अंग काढून घेऊ नये; पाठवण्याचे पत्र, पगार देणारी संस्था आणि त्याच्याकडून काम करवून घेण्याचा अधिकार कोणाकडे, हे तीन तपशील त्याच विभागात ठरतात.

इथल्या माणसाचाही एक खर्च असतो, आणि तो सहसा लिहिला जात नाही. त्याला मुख्यालयात सहा महिने किंवा वर्षभर ठेवून समूहाची ओळख करून देणे, पहिली दोन वर्षे तिकडच्या एका वरिष्ठाचा वेळ त्याच्यासाठी राखून ठेवणे, आणि त्याला दुसऱ्या कंपनीने उचलू नये म्हणून पगार बाजाराच्या थोडा वर ठेवणे. हे धरूनही तो बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. पण दोन्ही बाजूंचे आकडे एकाच कागदावर असले की मुख्यालयाचा विश्वास बसतो.

कायद्याच्या चौकटी

यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण तारखा चुकवू नयेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९(३) प्रमाणे निदान एक संचालक आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. मंडळावर एकमेव भारतवासी संचालक असलेला प्रमुख निवृत्त होत असेल तर हा मुद्दा सर्वांत आधी सोडवावा. पब्लिक कंपनीत बाहेरून नुकत्याच आलेल्या व्यक्तीला व्यवस्थापकीय संचालक नेमायचे झाले तर परिशिष्ट ५ मधील निवासाची अट पाहावी लागते आणि ती पुरी होत नसल्यास केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागते. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वार्षिक पगार सर्वसाधारणपणे १६.२५ लाख रुपयांच्या वर असावा लागतो, आणि ज्या कामासाठी पात्र भारतीय मुबलक मिळतात त्यासाठी तो दिला जाऊ नये असे धोरण आहे. म्हणून अर्जात ‘हा माणूसच का’ याचे उत्तर ठोस लागते. पदाची फोड केलेला कागद इथे पुन्हा कामी येतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणी करावयाची असते. जोडीदाराला मिळणाऱ्या आश्रित व्हिसावर सामान्यतः नोकरी करता येत नाही, हे उमेदवाराला होकार देण्यापूर्वी सांगावे.

घर, शाळा आणि जुलै महिना

रोझली टंग यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या अभ्यासात अमेरिकी कंपन्यांनी परदेशी नेमणूक फसण्याचे पहिले कारण जोडीदार नव्या ठिकाणी न रुळणे हे दिले होते. जपानी कंपन्यांच्या यादीत मात्र मोठी जबाबदारी न पेलणे वर होते. नेमणुका फसण्याची जी प्रचंड टक्केवारी सांगितली जाते ती शिफारसपत्रात वापरू नये. तिचा माग हार्झिंग यांनी १९९५ मध्ये काढला तेव्हा चुकीच्या उद्धरणांपलीकडे फारसा आधार सापडला नव्हता. टक्केवारी बाजूला ठेवली तरी कुटुंबाचा मुद्दा गोव्यात खरा आहे. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा मोजक्या आहेत, आणि वेर्ण्यापासून घर, घरापासून शाळा हे अंतर नकाशावर दिसते तसे पावसात राहत नाही.

उमेदवाराला आणि त्याच्या जोडीदाराला पाहणीसाठी बोलावायचे असेल तर माझा आग्रह जुलैचा आहे. बहुतेक कंपन्या त्यांना डिसेंबरात आणतात, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरवतात, आणि पाहुणे होकार देऊनच विमानात बसतात. जुलैत किनाऱ्यावरचे शॅक (झोपडीवजा खानावळी) उतरवलेले असतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, वीज दुपारी जाते आणि संध्याकाळी येते, आणि ओळखीची माणसे घराबाहेर पडत नाहीत. हे सर्व पाहून जो ‘चालेल’ म्हणतो तो टिकतो. ब्लॅक, मेंडेनहॉल आणि ओडू यांनी १९९१ मध्ये जुळवून घेण्याच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: काम, माणसांशी व्यवहार आणि सर्वसाधारण राहणीमान. गोव्याबद्दल लोक तिसरी बाजू सोपी धरतात, कारण सुट्टीतले गोवे त्यांना माहीत असते.

हॉटेलांच्या साखळ्यांत हा प्रश्न काहीसा निराळा आहे. तिथे जनरल मॅनेजर मुळातच दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणारा असतो, ब्रँडचे नियम बारीक लिहिलेले असतात, आणि परदेशी पाहुण्यांच्या हंगामात त्याचा उपयोग दिसतो. त्यामुळे तिथे खरे लक्ष त्याच्या खालच्या ऑपरेशन्स प्रमुखावर द्यावे. पावसाळ्यातले कर्मचारी, गावाशी असलेले संबंध आणि पुरवठादार तोच सांभाळतो.

तीन उदाहरणे

पर्लम्युटर यांनी १९६९ मध्ये कंपन्यांच्या वृत्तीचे मायदेशकेंद्री, यजमानकेंद्री आणि जगत्केंद्री असे प्रकार सांगितले. आपले मुख्यालय कोणत्या वृत्तीचे आहे हे ओळखायला ते बरे आहेत. निर्णय मात्र प्रत्यक्ष उदाहरणांवरून अधिक शिकता येतो.

पुढे हिंदुस्थान लिव्हर झालेल्या समूहात १९३७ साली रुजू झालेले प्रकाश टंडन १९६१ मध्ये कंपनीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. मध्ये गेलेली चोवीस वर्षे महत्त्वाची आहेत: इथला माणूस वर नेण्याचे धोरण घोषणेने फळत नाही, त्याला भरतीच्या पहिल्या दिवसापासूनची आखणी लागते. नेस्लेचे उदाहरण तर गोव्याला जवळचे आहे. जून २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली आणि १ ऑगस्टपासून सुरेश नारायणन यांच्याकडे परदेशी प्रमुखाच्या जागी सूत्रे आली. नोव्हेंबरात मॅगी पुन्हा बाजारात आली तेव्हा उत्पादन सुरू झालेल्या तीन कारखान्यांत नंजनगूड आणि मोगा यांच्याबरोबर आपले डिचोली होते. सरकारी यंत्रणा, न्यायालय आणि ग्राहक यांच्याशी एकाच वेळी बोलायचे असते तेव्हा इथला माणूस लागतो, हा त्याचा सरळ अर्थ. मात्र नारायणन त्याआधी फिलिपाइन्समध्ये नेस्लेचे प्रमुख होते. मुख्यालय त्यांना ओळखत होते, आणि संकटात त्यांच्या शब्दावर विसंबू शकत होते. केवळ भारतीय असणे तिथे पुरले नसते. मारुतीत तिसरी तऱ्हा दिसते: २००७ पासून व्यवस्थापकीय संचालक जपानी आणि अध्यक्षपदी आर. सी. भार्गव. तंत्र व उत्पादन एका बाजूला, सरकार व भागधारक दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी दोन खुर्च्यांत करता येते, आणि लहान कंपनीतही प्रमुख आणि उपप्रमुख यांच्यात ती करणे शक्य असते.

मुलाखतीत काय विचारावे

दोन्ही तऱ्हेच्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारणे न्याय्य वाटते, पण त्यातून कळत काही नाही. परदेशी उमेदवाराला विचारावे की मागच्या नेमणुकीत तुमच्या जागी कोण आले आणि त्याला तुम्ही किती महिने तयार केले. ज्याला उत्तराधिकाऱ्याचे नाव आठवत नाही त्याच्याकडून इथेही दुसरी फळी घडण्याची आशा धरू नये. इथल्या उमेदवाराला विचारावे की मुख्यालयाचा एखादा निर्णय चुकीचा वाटला तेव्हा ते तुम्ही लेखी कळवले होते का, आणि वाईट बातमी किती लवकर दिली होती. आपल्याकडे वरिष्ठांना नकार देण्याऐवजी ‘बघतो’ म्हणण्याची सवय असते, आणि मुख्यालयाचा अविश्वास बहुधा त्या ‘बघतो’तून सुरू होतो. भरतीसाठी शिफारस आली तेव्हा काय केले, हेही त्याला मोकळेपणाने विचारावे.

शिफारस लिहिताना

शिफारस दोन पानांपेक्षा मोठी नसावी. पदाची फोड, हेतूविषयी मुख्यालयाने दिलेले उत्तर, दोन्ही पर्यायांचा तीन वर्षांचा खर्च, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष एवढे त्यात यावे. निष्कर्ष परदेशी माणसाच्या बाजूने गेला तर तीन अटी त्याच कागदावर घालाव्यात: नेमणुकीची शेवटची तारीख, उत्तराधिकाऱ्याचे नाव, आणि त्या उत्तराधिकाऱ्याला कोणते अधिकार कोणत्या महिन्यापासून मिळतील याचे वेळापत्रक. परदेशी प्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात या वेळापत्रकाला वजन नसेल तर ते पाळले जात नाही. मुदतवाढ मागितली गेल्यास ती मूळ कारणाशी ताडून पाहावी; कारण संपले असेल आणि तरीही माणूस हवाच असेल, तर त्याला इथल्या पगारश्रेणीवर घेण्याचा पर्याय ठेवावा.

निष्कर्ष इथल्या माणसाच्या बाजूने गेला तर त्याला तोंडी पाठिंबा पुरत नाही. खर्चमंजुरीची त्याची मर्यादा आधीच्या परदेशी प्रमुखाएवढीच आहे हे पत्रात लिहून घ्यावे. ती निम्म्यावर आणली गेली तर ही बातमी दुपारच्या जेवणापर्यंत कॅन्टीनमध्ये पोहोचते आणि त्या माणसाचा शब्द पहिल्या दिवसापासून हलका होतो.

राहिला तो उमेदवार, ज्याची निवड झाली नाही. तो बहुधा पंधरा-वीस वर्षे कारखान्यात असलेला अधिकारी असतो, आणि नवा प्रमुख कोणीही असो, पहिले सहा महिने कारखाना त्याच्याच आधाराने चालणार असतो. मुख्यालयाचा घोषणेचा ईमेल सर्वांना जाण्यापूर्वी, त्याच दिवशी सकाळी, त्याला समोर बसवून निर्णय आणि त्याची कारणे सांगावीत, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच्यासाठी काय ठरले आहे ते तारखेसह लेखी द्यावे. काहीच ठरलेले नसेल तर ते ठरेपर्यंत घोषणा थांबवण्याची विनंती मुख्यालयाला करावी.